दोन मुठी आणि एक हळकुंड

सरांनी मुलाखतीत मला मराठी महिन्यांची नावं विचारली. मी मानसशास्त्रात एम.ए. करून गेले होते आणि मेंदूच्या चाचण्यांबद्दल विचारतील म्हणून आठवडाभर वाचत होते. चैत्र, वैशाख म्हणून मी थांबले. माझी शाळा साताऱ्यातली, पण इंग्रजी माध्यमाची. घरात कॅलेंडर होतं, त्यावर दूधवाल्याचे खाडे मांडलेले असायचे, एवढाच आमचा संबंध. घाबरल्यामुळे आठवत नाहीये, असं मी सांगितलं.

सर शेंग फोडत होते. दाणे तोंडात टाकून म्हणाले, "घाबरली आहेस हे खरं. पण विसरली नाहीस. तुला येतच नव्हतं."

त्यांनी दुसरी शेंग उचलली.

"विसरलेलं माणूस मधनंच कुठनं तरी श्रावण बाहेर काढतं. दिवाळीवरनं कार्तिक आठवतं. तू वैशाखाला थांबलीस ती थांबलीसच. पुढं रस्ताच नव्हता."

मी उठायच्या बेतात होते, तेवढ्यात त्यांनी सोमवारपासून ये म्हणून सांगितलं. खोटं फार वाईट बोलतेस, तेव्हा तुला हे काम शिकवता येईल, असंही म्हणाले. मला ते कौतुक आहे की नाही हे घरी पोचेपर्यंत कळलं नव्हतं.

काम असं होतं. डोक्याला मार लागलेली माणसं आमच्याकडे यायची. कुणी मोटारसायकलवरून पडलेलं, कुणी कारखान्यात, कुणी विहिरीच्या काठावरून. कोर्ट, विमावाले किंवा मालक त्यांना पाठवायचे. आठवण किती उरली आहे, लक्ष किती वेळ टिकतं, हे आम्ही मोजायचं. बरोबरच्या पत्रात सभ्य शब्दांत आणखी एक प्रश्न असायचा: हा माणूस सोंग तर करत नाही ना? त्या प्रश्नासाठी सरांचं नाव होतं. चार दिवस सांगलीत आणि शुक्रवार-शनिवार साताऱ्यात असा आमचा आठवडा असायचा.

सर माण तालुक्यातले. त्यांच्या वडिलांनी आयुष्यभर मेंढरं राखली होती. उन्हाळ्यातही सर अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घालायचे, कारण त्याला दोन खोल खिसे होते. डाव्या खिशात शेंगा, उजव्या खिशात टरफलं. चुकून उलटं झालं तर त्यांचा दिवस बिघडायचा. पेशंटशी ते गावाकडच्या बोलीत बोलायचे आणि रिपोर्ट मात्र इतक्या स्वच्छ इंग्रजीत सांगायचे, की माझ्या शाळेतल्या बाईंनी उभं राहून ऐकलं असतं.

सोंग करणाऱ्यांवर ते कधी चिडले नाहीत. उलट एखादा चांगला सोंगाड्या आला की त्यांचा चेहरा खुलायचा. सांगली हे नाटकवाल्यांचं गाव. सर तरुणपणी स्पर्धेच्या नाटकांतून कामं करायचे आणि त्यांना दरवेळी आजारी माणसाचंच काम मिळायचं. त्यामुळे समोरच्याकडे ते परीक्षकासारखे बघायचे. शिरवळच्या एका कारखान्यातला तरुण आला होता. त्याला सरांनी म्हशीला पाय किती असतात असं विचारलं. त्यानं बराच वेळ छताकडे बघून पाच सांगितले. दोन आणि दोन किती, तर पाच. हाताला बोटं किती, तर सहा.

सर खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "पाव्हणं, पाचाच्या शेजारी चार राहतोय. त्याचं घर ठावं असल्याबिगर दर वेळी बरोबर शेजारच्या दारात कसं गेलासा?"

तो पोरगा आधी गोंधळला, मग हसला, मग रडायला लागला. सरांनी त्याच्या नातेवाइकांना आधीच बाहेर बसवलेलं होतं. ते नेहमीच तसं करायचे. त्यांचा क्रम ठरलेला होता: आधी रिपोर्ट, मग चहा. चहा आधी घेतला की दया येते आणि रिपोर्ट मऊ होतो, असं त्यांचं म्हणणं. चहाबरोबर ते शेरा द्यायचे. बहुतेकांना "अभिनय बरा, पाठांतर कमी" एवढाच मिळायचा. स्वतःचं नाव विसरलेल्या माणसाला मात्र ते अजिबात गुण द्यायचे नाहीत. डोकं फुटून टाके पडलेला माणूसही शुद्धीवर आला की आपलं नाव सांगतो. नाव विसरायला सिनेमा लागतो, असं ते म्हणायचे.

त्यांची स्वतःची सोंगं वेगळीच. बाहेर टेबलाशी बसणाऱ्या शालनकाकू फोनची किंवा औषधाची आठवण करायला आल्या की सरांना ऐकू यायचं नाही. काकू तीनदा सांगायच्या, चौथ्यांदा कागदावर लिहून समोर ठेवायच्या. त्याच वेळी मागच्या खोलीत मी पेनाचं टोपण पाडलं तर सर तिथून विचारायचे, "काय पडलं गं?"

साताऱ्याला जाताना एसटीत त्यांचा एक खेळ असायचा. जागा द्यायला लागू नये म्हणून झोपल्याचं दाखवणारी माणसं ओळखायची. खरा झोपलेला माणूस तोंड उघडं टाकतो आणि त्याची पिशवी घरंगळते. खोटा झोपलेला थोड्या थोड्या वेळानं आवंढा गिळतो. कराड येईपर्यंत आम्ही पाच-सहा जण तरी पकडायचो. मी तोंडानं सांगायचे नाही, फक्त बोट थोडं उचलायचे. सर मान डोलवायचे.

अशाच एका प्रवासात त्यांनी मला टिटवीची गोष्ट सांगितली. लहानपणी मेंढरांमागे माळावर फिरताना त्यांना एक टिटवी दिसली. पंख मोडल्यासारखी फरफटत चाललेली. ते धरायला धावले. ती चार पावलं पुढं, हे चार पावलं मागं. बरंच लांब गेल्यावर ती चांगली उडून गेली. वडील लांबून हसत होते. त्यांनी सरांना परत त्या जागेवर आणलं आणि खड्यांमध्ये खड्यांसारखीच दिसणारी चार अंडी दाखवली.

"त्या दिवसापास्नं मी दोन गोष्टी बघतो," सर म्हणाले. "पंख मोडलाय का, हे तर बघायचंच. नसंल मोडला, तर अंडी कुठं हायेत तेपण बघायचं."

मी मान हलवली. त्यांच्या बोलण्यातलं बरंचसं मी तेव्हा नुसती मान हलवून घ्यायचे आणि नंतर वहीत लिहायचे. ही वही मी कुणाला दाखवत नसे. मी मुळात फार बोलत नाही. खोलीत मी असले तरी लोकांना ते लक्षात राहत नाही, आणि मला ते बरं वाटतं. सरांनी हे पहिल्या महिन्यातच हेरलं होतं. पेशंटला आत घेण्याआधी ते मला काहीतरी कारण काढून बाहेरच्या बाकाजवळ पाठवायचे, फाइल आण, पाणी आण. बाकावरची माणसं माझ्यासमोर मोकळेपणानं बोलत राहायची. एकदा एका माणसानं माझ्यासमोर पूर्ण क्रिकेटचा स्कोअर सांगितला आणि आत येऊन आपल्या मुलांची संख्या विसरला.

आता हळकुंडाबद्दल. आमच्याकडे विकतच्या चाचण्या होत्या, पण सरांचा जीव या एका चाचणीवर. पेशंटसमोर दोन्ही तळहात उघडे धरायचे, एकात हळकुंड. मुठी मिटायच्या. पेशंटनं डोळे मिटून दहापासून एकपर्यंत उलटे आकडे म्हणायचे, डोळे उघडायचे आणि हळकुंड कुठल्या मुठीत आहे ते दाखवायचं. असं दहा वेळा. परदेशात हे नाण्यानं करतात. सरांनी सांगलीत हळकुंड घेतलं, कारण हळदीच्या या पेठेत ते कुणालाही परकं वाटत नाही.

ही चाचणी दिसायला अवघड आणि असायला फार सोपी. सकाळी काय खाल्लं ते न आठवणारी, खरोखर जबर मार लागलेली माणसंही दहापैकी नऊ-दहा वेळा बरोबर दाखवायची. सोंग करणाऱ्याला हे माहीत नसतं. आपलं डोकं गेलंय, म्हणजे हे चुकायला पाहिजे, असं त्याला वाटतं आणि तो चुकतो. सर म्हणायचे, डोळे बांधलेल्या माणसालाही दहातले पाच जमतात. दहाच्या दहा चुकवायचे तर दहाच्या दहा ठाऊक लागतात.

सुरुवातीला ते हळकुंड पेशंटच्या हातात द्यायचे. बघा, हळकुंड आहे, दगड नाही. आणि त्या क्षणाची मी एक नोंद ठेवत होते, माझ्यापुरती. सांगलीकडचं प्रत्येक माणूस हळकुंड हातात आलं की ते नाकाकडे नेतं. शेतकरी, शिक्षिका, रिक्षावाला, कॉलेजची मुलगी, कुणीही. विचार न करता. साताऱ्याच्या खोलीत महाबळेश्वरकडची माणसं यायची, ती नुसती बघून परत द्यायची. दीड वर्षात सांगलीच्या खोलीत वास न घेतलेलं एकही माणूस माझ्या वहीत नव्हतं.

भूपालआण्णा आले तोपर्यंत.

ते वारणाकाठच्या गावातले, पन्नाशीचे, इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेले जैन गृहस्थ. बावीस वर्षं एका हळद व्यापाऱ्याकडे होते. माल पारखणं हे त्यांचं काम. सौद्याला, म्हणजे हळदीच्या लिलावाला, ढिगासमोर उभे राहून ते हळकुंड उचलायचे आणि हा माल घ्या, हा सोडा, असं शेठना सांगायचे. त्यांच्या शब्दावर गाड्याच्या गाड्या भरल्या जायच्या. चार महिन्यांपूर्वी गोदामात पोत्यांची थप्पी कोसळली आणि ते मागच्या मागे फरशीवर पडले. डोक्याच्या मागे मार. आठवडाभर दवाखाना. कामावर परतल्यावर पंधरा दिवसांत त्यांनी एक अख्खा लॉट पहिल्या प्रतीचा म्हणून घेतला, आणि पोती उघडल्यावर तो आतून कुबट निघाला. ओल लागलेला माल. बाजारातलं शेंबडं पोरही नाक मुरडील असा, असं शेठनी पत्रात लिहिलं होतं.

पत्राचा शेवट साधा होता. भूपालची आठवण आणि समज खरंच गेली असेल, तर आम्ही त्याला सांभाळू. विमाही मिळेल. पण तो सोंग करत असेल, तर त्यानं समोरच्या पार्टीशी हातमिळवणी करून जाणूनबुजून खराब माल घेतला, असंच आम्हाला समजावं लागेल.

म्हणजे आमच्या एका ओळीवर माणूस एकतर आजारी ठरणार होता, नाहीतर लबाड. बावीस वर्षं ज्याच्या शब्दावर माल उचलला गेला, त्याला लबाड ठरल्यावर सांगलीच्या बाजारात परत उभं राहता आलं नसतं.

सरांनी मला पाणी आणायला पाठवलं. बाकावर भूपालआण्णांच्या बायको, विमलताई, शालनकाकूंशी बोलत होत्या. ह्यांचं काही खरं नाही, म्हणत होत्या. दवाखान्यातनं आल्यापासून जेवणावर राग. आमटीला चव नाही, भाजीला चव नाही. परवा चुलीशेजारी बसून पेपर वाचत होते आणि दूध उतू जाऊन करपलं, पातेलं काळं झालं, तरी ह्यांना पत्ता नाही. मी पाणी घेऊन आत गेले.

आत चाचण्या चालल्या होत्या. भूपालआण्णांना आजचा वार माहीत नव्हता, गावचं नाव अर्धंच आठवत होतं. ते बोलताना सरांकडे न बघता टेबलाच्या कडेकडे बघत होते. सरांनी त्यांच्या हातात हळकुंड दिलं.

"हे काय हाय, आण्णा?"

"ठावं न्हाई."

तोंड असं म्हणत होतं आणि हात वेगळंच काही करत होते. अंगठ्याच्या नखानं त्यांनी हळकुंडाची साल जराशी दाबली. ते फिरवून मोडलेलं टोक उजेडाकडे धरलं. मग टेबलावर दोन बोटं उंचीवरून टाकलं आणि आवाज ऐकला. खण्ण. पुन्हा उचललं आणि सरांना परत दिलं. सरांच्या डोळ्यांत मला ओळखीची चमक दिसली. मग मुठी. पहिल्या खेपेला भूपालआण्णांनी बरोबर मूठ दाखवली आणि लगेच त्यांचा चेहरा पडला. पुढच्या नऊच्या नऊ चुकल्या.

भूपालआण्णांना बाहेर बायकोजवळ बसवून सर येरझाऱ्या घालायला लागले. ते चालत चालत इंग्रजीत सांगायचे आणि मी टाइप करायचे. पेशंटची आठवणीची तक्रार विश्वासार्ह नाही. चुका जाणीवपूर्वक केलेल्या आहेत. अपघाताचा कोणताही परिणाम

माझी बोटं थांबली.

शालनकाकूंच्या चार हाका ऐकू न येणाऱ्या माणसाला की-बोर्डचा आवाज थांबलेला लगेच ऐकू आला. "काय झालं?"

"त्यांनी वास घेतला नाही, सर," मी म्हणाले.

"काय?"

ते सोंग होतं की खरंच ऐकू गेलं नव्हतं, मला माहीत नाही. पण मी उभी राहिले आणि परत सांगितलं, आणि माझा आवाज इतका मोठा निघाला की दारातून शालनकाकूंनी डोकावून बघितलं. मग थांबता येईना. वहीचं सांगितलं. सांगलीकडचं प्रत्येक माणूस हळकुंडाचा वास घेतं, दीड वर्षात एकही चुकलेलं नाही, हे सांगितलं.

सर म्हणाले, हळदीतच जन्म गेलाय त्याचा. हलवाई कधी पेढ्याचा वास घेत बसतो का?

"पण बाकी सगळं केलं त्यांनी. नख लावलं, टोक बघितलं, टाकून आवाज ऐकला. त्यांचे हात सवयीनं चालले होते. मग नाकापर्यंतच का नाही गेले?" मग मी आमटीचं आणि करपलेल्या दुधाचं सांगितलं. सर अजून उभेच होते. मला पुढे काय म्हणावं कळेना. मी म्हटलं, "सर, अंडी."

सर खाली बसले. त्यांनी खिशातून शेंग काढली, फोडली आणि टरफलं डाव्या खिशात टाकली. माझ्यासमोर असं पहिल्यांदाच झालं. मग त्यांनी टेबलावरचं हळकुंड उचलून स्वतःच्या नाकाशी धरलं आणि बराच वेळ तसेच बसले.

"मी पंख बघत बसलो," ते म्हणाले.

नंतर ते एकदम उठले. शालनकाकूंना त्यांनी खालच्या वॉचमनकडून चुन्याची डबी आणायला सांगितली. कपाटातून कॉफीची बाटली, हिंगाची डबी आणि एक पांढऱ्या खड्यांची पुडी काढली. तो नवसागर होता, कल्हईवाले वापरतात तो. नवसागर आणि चुना एकत्र चोळला की नाकाला झोंबणारा वायू सुटतो, हे शाळेत शिकवतात. पण सरांनी मला पुढचं सांगितलं. वास एका नसेनं कळतो आणि झोंबणं दुसऱ्याच नसेनं. मागच्या मागे पडलं की वासाची बारीक नस तुटू शकते, झोंबण्याची शाबूत राहते. खोटं बोलणाऱ्याला हे माहीत नसतं. त्याला वाटतं नाक गेलं म्हणजे सगळं गेलं, आणि तो नवसागरालाही काही नाही म्हणतो. डोळ्यांत पाणी येत असलं तरी नाही म्हणतो.

"ह्याला जर तो काय न्हाई म्हणाला, तर तुझी टिटवी उडाली. मग मी सांगितलाय तसाच रिपोर्ट जाईल. चालंल?"

मी हो म्हटलं.

दोघांना आत बोलावलं. भूपालआण्णांना डोळे मिटायला सांगितलं, कशासाठी ते सांगितलं नाही. सरांनी कॉफीची बाटली त्यांच्या नाकाखाली धरून काही कळतंय का विचारलं.

"काय न्हाई."

हिंगाची डबी उघडल्यावर लांब बसलेल्या विमलताईंनी पदर नाकाला लावला.

"काय न्हाई."

सरांनी तळहातावर नवसागर आणि चुना घेतला, अंगठ्यानं चोळला आणि हात पुढे नेला. मी कोपऱ्यातून बघत होते. मनात म्हणत होते, खरं बोला. एवढ्या एका वेळी तरी.

भूपालआण्णांची मान झटक्यात मागे गेली. दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं.

"वास न्हाई," ते नाक चोळत म्हणाले, "पर झोंबलं की वो. नाकात काय तर चावलं."

सरांनी हात धुतले, पुसले, आणि त्यांच्या शेजारी येऊन बसले. "कवापास्नं, आण्णा?"

भूपालआण्णांनी आधी बायकोकडे बघितलं. मग बोलायला लागले ते थांबले नाहीत. दवाखान्यात नर्सनं स्पिरिटचा बोळा फिरवला तेव्हाच काही कळलं नव्हतं. सर्दी असेल असं वाटलं. घरी देवासमोर उदबत्ती लावली, नुसता धूर दिसला. कामावर गेले आणि ढिगासमोर उभे राहिले, तर हळद आणि माती एकच. तरी नख लावून, आवाज ऐकून पंधरा दिवस रेटले. तो लॉट दिसायला सुंदर होता. रंग चांगला, आवाज चांगला. कुबटपणा फक्त वासात होता. मग मेहुणे म्हणाले, डोकं गेलं म्हणून सांगा, म्हणजे हातमिळवणीचा संशय येणार नाही.

"बावीस वर्सं लोक म्हणत्यात, भूपालचं नाक. आता काय सांगू, नाकच ऱ्हायलं न्हाई म्हणून? आख्खा बाजार हसला असता. डोस्कं गेलं म्हटल्यावर निदान गप बसली."

विमलताई त्यांच्याकडे एकटक बघत होत्या. "म्हंजे आमटीला चव न्हाई म्हणत हुतासा, ते..."

"तुझी आमटी हाय तशीच आसंल. मलाच कळंना."

"मग सांगायचं न्हाई व्हय? चार म्हैनं मी रोज तिखट वाढवत बसलीया. घरात कुणाची तोंडं धड ऱ्हायली न्हाईत."

पहिल्यांदा शालनकाकू हसल्या, दारात उभ्या राहून. मग सर. शेवटी भूपालआण्णाही, डोळे पुसता पुसता, कारण नवसागराचं पाणी अजून थांबलं नव्हतं.

त्या दिवशी क्रम मोडून चहा रिपोर्टाच्या आधी आला. सरांनी शेरा दिला: पहिल्याच प्रवेशाला नट आपलं काम विसरला आणि बरोबर मूठ दाखवून बसला. हात तर सबंध वेळ नाटकात नव्हतेच. भूपालआण्णांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

रिपोर्ट नव्यानं लिहिला. आठवणीचं सोंग केलं ही ओळ गाळता येईल का, असं मी सरांना विचारलं. त्या दिवशी मी बरीच बोलत होते. ते नाही म्हणाले. ती ओळ काढली तर पुढच्या ओळीवर कोण विश्वास ठेवील? त्यामुळे दोन्ही लिहिलं. आठवण शाबूत आहे, ती गेल्याचं त्यांनी भीतीपोटी दाखवलं आणि वाईट दाखवलं. वासाची जाणीव अपघातानं गेली आहे, ते खरं आहे. कुबट माल घेणारा माणूस लबाड नव्हता. त्याला तो कुबटपणा कळतच नव्हता. खात्रीसाठी सरांनी त्यांना नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडेही पाठवलं. त्यांचंही तेच मत आलं.

शेठनी काय करावं हे रिपोर्टात लिहायचं नसतं, आणि सरांनी ते लिहिलं नाही. पण दोन महिन्यांनी विमलताई आमच्याकडे पाव किलो हळकुंडं घेऊन आल्या. भूपालआण्णा परत सौद्याला जातात, म्हणाल्या. नख, रंग आणि आवाज त्यांचा. वास त्या स्वतः घेतात. ढिगाजवळ बाईमाणूस बघून सुरुवातीला काही जण कुजबुजले, मग विमलताईंनी एकाच सकाळी दोन ओलसर लॉट बाजूला काढायला लावले आणि कुजबुज थांबली. आता शेठ दोघांनाही पगार देतात. बोलता बोलता त्यांनी टेबलावरचं सरांचं हळकुंड उचललं, नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं.

"ह्ये टाका आता. मेलंय ह्ये कवाच."

सरांनी ते टाकलं नाही. नव्यातलं एक चाचणीसाठी घेतलं आणि जुनं मला दिलं.

गेल्या वर्षी सरांनी सांगलीची खोली माझ्याकडे सोपवली आणि ते गावी राहायला गेले. त्यांना सोडायला मी स्टँडवर गेले होते. दहिवडीची गाडी लागलेली होती. त्यांनी खिडकीजवळची जागा धरली, डाव्या खिशातून शेंगा काढून मला दिल्या आणि म्हणाले, "वय झालं गं. गावाकडं गेलो की तुला विसरणार बघ मी."

त्यांच्या आवाजावरून मला काही कळेना. मी पर्समधून जुनं हळकुंड काढलं आणि खिडकीसमोर दोन्ही तळहात उघडे धरले. सरांनी बघितलं, निमूटपणे डोळे मिटले आणि दहापासून एकपर्यंत मोठ्यानं उलटे आकडे म्हटले. शेजारच्या बाई आपली पिशवी घेऊन जरा सरकून बसल्या. सरांनी डोळे उघडले, दोन्ही मुठींकडे काळजीनं बघितलं आणि रिकामी दाखवली. असं दहा वेळा झालं. दहाही वेळा त्यांनी रिकामी मूठ दाखवली, आणि शेवटच्या खेपेला तर कपाळाला हात लावून बराच विचार करून.

कंडक्टरनं घंटी दिली. गाडी हलली तशी मी खिडकीबरोबर चार पावलं चालत गेले आणि स्टँडवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "अभिनय बरा होता सर, पाठांतर कमी."

सरांना ऐकू आलं नाही.